निष्क्रिय असल्याचा दाखला

आठ महिन्यांपूर्वी एका वैद्यकीय सभेत, चाळीस डॉक्टरांच्या साक्षीने, 'भरपूर व्यायाम आणि उत्कृष्ट आहार घेऊनही ज्याच्या शरीरावर त्याचा कसलाही परिणाम होत नाही असा माणूस' म्हणून मला सादर करण्यात आलं. मागच्या दोन रांगांतले लोक नीट दिसावं म्हणून उभे राहिले.

हे घडलेलं नाही. म्हणजे घडलं, पण आमच्या घरात ते घडलेलं नाही असं एकमताने ठरलंय, आणि मी घरात सगळ्यात धाकटा असल्यामुळे माझं मत धरूनच एकमत झालंय. तेव्हा वाचकांनीही वरचा परिच्छेद वाचलेला नाही असं समजून पुढे यावं.

माझी ताई खेळाडूंच्या शरीरावर संशोधन करते. धावपटू दमतात, मग त्यांना केळं, दूध आणि मीठ घुसळून केलेलं एक पेय द्यायचं, आणि त्यांचं हृदय किती वेळात ताळ्यावर येतं ते मोजायचं, असा तिच्या प्रबंधाचा विषय आहे. मी तिला एकदा म्हटलं होतं, की दमलेल्या माणसाला बसू दिलं तरी तो ताळ्यावर येतो. त्यानंतर तिने मला चार वर्षं संशोधनाबद्दल काही सांगितलं नाही.

मग एका रविवारी ती घरी आली, चप्पल न काढता सोफ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे बघत बसली. शिल्पकार दगडाकडे बघतो तसं.

"तू कधीपासून असा आहेस?"

"असा म्हणजे?"

"आडवा."

"नाश्त्यापासून."

"नाश्ता कुठे केलास?"

"इथेच."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणापासून मी तिला रडवत आलोय, पण आनंदाने ही पहिलीच वेळ.

प्रकरण असं होतं. प्रबंधासाठी बारा धावपटू लागत होते, आणि तुलनेसाठी अजिबात काही न करणारी बारा माणसं. धावपटू एका आठवड्यात मिळाले. काही न करणारे मिळवताना तिला वर्ष लागलं, कारण विचारलं की जो तो म्हणायचा, "छे छे, मी बऱ्यापैकी चालतो." कसेबसे बारा जमले, तर बाराव्याचं लग्न ठरलं आणि तो व्यायामशाळेत जायला लागला. आता प्रबंधाची मुदत संपायला चौदा आठवडे उरले होते. बारावा माणूस मिळाला नाही तर अकरा जणांचे आकडे रद्दी, आणि चार वर्षांचं काम पहिल्यापासून.

"सहा आठवडे तुला काहीही करायचं नाहीये," ताई म्हणाली. "आत्ता जसा आहेस तसाच राहायचं. जमेल?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या अंगच्या गुणांकडे बघून मला काम देत होतं. मी आडव्यानेच होकार दिला.

पण विज्ञानाला नुसता होकार चालत नाही, दाखला लागतो. मी कामाच्या ठिकाणी शारीरिक हालचाल करत नाही, असं माझ्या वरिष्ठांनी लेखी द्यायचं होतं. मी आवक-जावक विभागात आहे. येणाऱ्या पत्रावर 'आवक' असा शिक्का मारायचा, जाणाऱ्यावर 'जावक'. दोन्ही शिक्के एकाच टेबलावर आहेत. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चार वर्षं मी हे तुझ्या अहवालात लिहितोय. आज पहिल्यांदा कुणीतरी मागायला आलं."

दाखल्यावर कार्यालयाचा गोल शिक्का हवा होता. गोल शिक्का चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, आधी पहिल्या मजल्यावर नोंद. पहिल्या मजल्यावर नोंदवही होती, पण वहीवाले गृहस्थ मागच्या इमारतीत जेवायला गेले होते, आणि वही ते जाताना कुलपात ठेवतात. मी निष्क्रिय असल्याचं सिद्ध करण्यासाठी त्या दिवशी एकशे ब्याण्णव पायऱ्या चढलो. ताईला सांगितलं तर तिने फक्त एवढंच विचारलं, "हे पट्टा घालायच्या आधी झालं ना? मग चालेल."

पट्टा म्हणजे मनगटावर बांधायचं एक यंत्र. पावलं, अंतर, नाडीचे ठोके, झोप, सगळं मोजतं. ते दिवसरात्र घालायचं, फक्त संध्याकाळी मी कामावरून येऊन आंघोळीला जाईन तेव्हा काढून दाराजवळच्या फळीवर ठेवायचं. शिवाय एक वही होती. पोटात जाणारा प्रत्येक पदार्थ स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून त्यात लिहायचा. आणि दर मंगळवारी ताईच्या संशोधन केंद्रात जाऊन एका लाकडी ठोकळ्यावर पाच मिनिटं चढ-उतर करायची, मग खुर्चीत बसायचं आणि मिनिटाभरात ठोके किती उतरतात ते मोजून घ्यायचं. एवढं झालं की केळ्याचं पेय. पेय धावपटूंनाही तेच होतं, दमायची कारणं वेगळी होती.

आता सर्वात अवघड भाग आला. संमतिपत्रावर घरच्या साक्षीदाराची सही हवी होती, आणि ती बाबांनी करायची होती.

बाबा जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेत. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांची शेतं, भिंती आणि भांडणं मोजली. कागद वाचल्याशिवाय ते सही करत नाहीत. त्यांनी कागद वाचला. "'माझा मुलगा दीर्घकाळापासून निष्क्रिय असल्याचे मला वैयक्तिकरीत्या ठाऊक आहे,'" ते मोठ्याने म्हणाले.

"बाबा, ते विज्ञानाच्या अर्थाने आहे," ताई म्हणाली.

"दुसरा कुठला अर्थ आहे?" बाबांनी विचारलं आणि सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली.

इथे आमच्या घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कुणी यायचं म्हटलं की आवराआवर होते. सोफ्यावरची चादर बदलली जाते, तुटक्या पायाची खुर्ची आत जाते, आणि आई एरवी कधी न दिसणारे सहा कप काढते. गॅसदुरुस्तीवाला येणार होता तेव्हासुद्धा आईने आधी गॅस घासून लख्ख केला होता, इतका की नेमकं कुठे बिघडलंय ते त्याला कळेना. हे सांगण्याचं कारण पुढे येईल.

पहिला आठवडा उत्तम गेला. मी काही केलं नाही आणि ते नियमितपणे केलं. इमारतीत मात्र बातमी पसरली. तळमजल्यावर व्यायामशाळेत शिकवणारा एक तरुण राहतो. त्याला सगळे 'प्रोटीन' म्हणतात आणि त्याला ते आवडतं. तो जिन्यात आडवा आला.

"भाऊ, ऐकलं ते खरं? काही न करण्यासाठी तुझी निवड झाली?"

"बारा जणांत."

"मी दहा वर्षं दंड काढतोय. मला कुणी साधी प्रश्नावली भरायलाही बोलावलं नाही." त्याला मनापासून लागलं होतं. "निदान खांदे तरी मागे घेऊन बसत जा. माझ्या इमारतीतला माणूस आहेस."

समोरच्या काकूंनी बीट खायला सांगितलं. काकू सगळ्यावरच बीट सांगतात. मी म्हटलं, मला सुधारायची परवानगी नाही. त्या म्हणाल्या, "थोडंसं खाल्लं तर कुणाला कळणारे?"

दर मंगळवारी माझ्या स्वाभिमानाचीही चाचणी व्हायची. बाकावर माझ्याशेजारी लांब पल्ल्याची एक धावपटू बसायची. पहिल्या दिवशी तिने हसून विचारलं, "तुमचा कुठला खेळ?"

"मी तुलनेसाठी आहे."

"अच्छा," ती म्हणाली आणि अगदी हळुवारपणे पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

ठोकळ्यावर तिसऱ्याच मिनिटाला मला ऐकू येणं कमी व्हायचं. मिनिटाभराच्या विश्रांतीत धावपटूंचे ठोके चाळीसने उतरायचे, माझे अकराने. ताई आकडा पाहायची नाही, कारण आपल्याच भावाचे आकडे आपण हाताळायचे नाहीत असा नियम होता. पट्टा, वही, चाचण्या, सगळं थेट तिच्या मार्गदर्शक सरांकडे जायचं आणि सहा आठवडे संपल्यावरच उघडायचं.

वही आईकडे होती. नियमाप्रमाणे मी माझी जीवनशैली बदलायची नव्हती, आणि वही लिहिणं हा बदल होता. मी रात्री जेवण झाल्यावर खाली सही करायचो. काय लिहिलंय ते वाचायचो नाही. आईवर माझा विश्वास आहे, आणि तिचं अक्षर बारीक आहे.

सहा आठवडे संपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई आली ती सरळ माझ्या खोलीत, आणि दार लावून घेतलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"चालणं."

मला वाटलं ती गंमत करतेय. तिने वाकून माझे बूट उलटे केले, तळवे पाहिले, मग कपाटामागे बघितलं. मी कॉलेजात असताना सिगारेटचं पाकीट सापडलं होतं तेव्हाही तिने एवढी झडती घेतली नव्हती.

"रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ, सरासरी सात पूर्णांक दोन किलोमीटर! पट्ट्यात आहे सगळं. आणि वहीत? पालेभाजी दीडशे ग्रॅम. उकडलेली अंडी दोन. फळं. मोड आलेली कडधान्यं! माझ्या धावपटूंपेक्षा चांगलं खातोस तू!"

"ताई, साडेसहाला मी आंघोळ करतो."

"दीड तास?"

"आंघोळीनंतर टॉवेलवर बसून विचार करतो."

"कसला?"

मी पुराव्यादाखल ओला टॉवेल दाखवला. ताई खाली बसली. "तुला माहीत होतं मला किती गरज आहे," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, साधंच. मी आळशी आहे, बेजबाबदार आहे, हे मी पुष्कळदा ऐकलंय. पण चोरून मेहनत केल्याचा आळ माझ्यावर पहिल्यांदाच येत होता, आणि त्याविरुद्ध बोलायला माझ्याकडे एकही साक्षीदार नव्हता.

सर मात्र हरखले होते. त्यांच्या मते हा शोध होता. रोज सात किलोमीटर चालणारा, धावपटूचा आहार घेणारा तरुण, आणि ठोके उतरतात अकराने! अशा माणसाची नोंद त्यांनी कुठे वाचली नव्हती. तीन दिवसांनी केंद्रात सभा होती, तिथे प्रबंध समितीही येणार होती. मला तिथे सादर करायचं त्यांनी ठरवलं. ताईने विरोध केला, पण सरांनी तोवर माझ्या स्थितीला नाव शोधायला घेतलं होतं.

जेवताना ताईने एवढंच सांगितलं, "सरांनी याला सभेत बोलावलंय. तुम्हीही या."

बाबांनी माझ्या पानात स्वतःच्या हाताने भात वाढला. हे ते निकालाच्या दिवशी करतात, चांगला लागला तर.

सभेच्या दिवशी माझ्या छातीला नऊ तारा लावून मला ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यावर उभं केलं. समोर चाळीस डॉक्टर. पहिल्या रांगेत समितीच्या संख्याशास्त्राच्या मॅडम, पांढरे केस, हातात पेन्सिल. दुसऱ्या रांगेत आई-बाबा, लग्नाला जायचे कपडे घालून. ताई भिंतीला टेकून उभी होती आणि जमिनीकडे बघत होती.

सरांनी पडद्यावर माझं आयुष्य दाखवलं. आलेखात दिवसभर जमिनीला टेकलेली रेघ, आणि रोज संध्याकाळी एक उंच डोंगर. "दिवसभर पूर्ण निष्क्रिय," सर म्हणाले, "आणि संध्याकाळी अचानक सात पूर्णांक दोन किलोमीटर! दोन दिवसांचा अपवाद सोडला तर रोज!"

"सात पूर्णांक चार," दुसऱ्या रांगेतून आवाज आला.

सर थांबले. "माफ करा?"

बाबा उभे राहिले. "तुमच्या यंत्रात याची उंची घातलीय, त्यामुळे त्याने पाऊल आखूड धरलंय. माझं पाऊल शहात्तर सेंटिमीटरचं आहे. नोकरीत तीनदा तपासून घेतलंय. पाण्याची टाकी, दवाखान्याचा चौक, लोखंडी पूल आणि परत, सात पूर्णांक चार. आणि ते दोन दिवस मला ताप होता."

चाळीसही डॉक्टर माना वळवून बाबांकडे बघू लागले, माझ्या पायाखालचा पट्टा चालूच होता. मला कुणी थांब म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी चालत होतो.

"बाबा," भिंतीपाशी ताई म्हणाली, "तुम्ही पट्टा घालून जात होतात?"

"मग काय करायचं? बहिणीच्या प्रबंधात भावाच्या नावापुढे शून्य? लोक वाचणार ते! म्हटलं, हा आंघोळीला जातो, पट्टा नुसता फळीवर पडून असतो. माझं चालणं होतंच आहे, त्याच्या नावावर लागलं तर काय बिघडलं?"

आईने पदराचं टोक सारखं केलं. "आणि ती पालेभाजी," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "केली होती मी. खाल्ली नाही त्याने. तो बिस्किटंच खातो. पण बिस्किटं किती वेळा लिहायची? एवढे शिकलेले लोक वाचणार, त्यांना वाटेल या घरात स्वयंपाकच होत नाही."

थोडक्यात, विज्ञान घरी येणार म्हणून आई-बाबांनी मला आवरून ठेवलं होतं.

सर घसा खाकरून म्हणाले, "हा तपशील आपण नंतर पाहू. मूळ निरीक्षण तरीही..." तेवढ्यात ताई पुढे आली. ती गप्प राहिली असती तर सरांचा शोध टिकला असता आणि तिचा प्रबंधही त्याच्या मागोमाग पार पडला असता. मी नऊ तारांसकट तिच्याकडे बघत होतो. तिने माइक हातात घेतला.

"सहभागी क्रमांक बाराचे आकडे बाद धरावेत," ती म्हणाली. "त्यात पाय माझ्या वडिलांचे आहेत आणि भाजी माझ्या आईची. फक्त अकरा हा आकडा माझ्या भावाचा आहे."

मग तिने माझ्या पायाखालचा पट्टा बंद केला.

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली आणि बाबांना पुढे बोलावलं. ठोकळ्यावर पाच मिनिटं चढ-उतर. बाबांनी कोट काढून माझ्याकडे दिला. मिनिटाभरात त्यांचे ठोके अडतीसने उतरले. वय सदुसष्ट. या वेळी मागच्या दोन रांगांबरोबर पुढच्याही उभ्या राहिल्या. सरांनी तिथल्या तिथे मला विसरून बाबांकडे मोर्चा वळवला, पण अभ्यासाला वयाची अट चाळीसची होती. बाबांना घालायला रकानाच नव्हता. दोनशे शहाण्णव किलोमीटर चाललेला माणूस पुन्हा दुसऱ्या रांगेत जाऊन बसला.

मॅडमनी ताईला विचारलं, "मुदत किती राहिलीय?"

"सात आठवडे."

"सहा आठवडे पुन्हा करा. पट्टा सील करा, काढायचा नाही. वही मात्र त्रयस्थ माणसाने लिहायची."

"त्रयस्थ कोण मिळणार एवढ्यात?"

मॅडमनी बाबांकडे बोट दाखवलं. "भर सभेत स्वतःचीच लबाडी उघडी पाडून वर दोनशे मीटरची दुरुस्ती सुचवणारा माणूस मला पुन्हा मिळायचा नाही."

नंतरचे सहा आठवडे आईला फार जड गेले. बाबा काट्यासमोर चष्मा लावून बसायचे आणि मोठ्याने बोलत लिहायचे. "बिस्किटं सात, वजन बेचाळीस ग्रॅम. पैकी एक अर्धवट, उरलेला तुकडा सोफ्याच्या फटीत, वजन दोन ग्रॅम, वजा केला." आई कानांवर हात ठेवून आत जायची. बाबा संध्याकाळी मोकळ्या मनगटाने फिरायला जायचे. मी सोफ्यावर माझं काम करायचो. प्रोटीन रोज दारातून डोकावून मी खांदे मागे घेतलेत का ते बघायचा. ते मात्र मी घेतले, एवढं त्याच्यासाठी केलं.

प्रबंध मुदतीच्या दोन दिवस आधी दाखल झाला आणि मंजूरही झाला. त्यातल्या चौथ्या तक्त्यात शेवटची ओळ माझी आहे: रोजची सरासरी पावलं, नऊशे बारा. चोवीस जणांत सगळ्यात कमी. कुणी घरी आलं की हल्ली बाबा सहा कपांबरोबर तो तक्ताही काढतात. "नऊशे बारा," ओळीवर बोट ठेवून ते सांगतात. "पण एकूण एक खरी."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण सभेपूर्वी सरांनी उत्साहाच्या भरात माझी नोंद केंद्राच्या खेळाडू-यादीत करून टाकली होती, आणि यादीत नाव घालायच्या अर्जाचा नमुना आहे, काढायच्या अर्जाचा नाही. तेव्हापासून दर महिन्याला मला पत्र येतं. 'प्रिय खेळाडू, आपली कामगिरी खालावत असल्याबद्दल चिंता वाटते.' ते पत्र कार्यालयाच्या पत्त्यावर येतं आणि त्यावर 'आवक' असा शिक्का मलाच मारावा लागतो. शेवटी मी पुढील अर्ज केला आहे. त्याला तीन महिने झाले.

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी, खेळाडू आरोग्य विभाग.

विषय: खेळाडू नसल्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करतो की, अर्जदार हा खेळाडू नसून तसा होण्याचा त्याचा कोणताही मानस नाही. निष्क्रिय असल्याचा दाखला गोल शिक्क्यासह सोबत जोडला आहे. तरी (१) अर्जदाराचे नाव यादीतून कमी करून त्यास पूर्ववत निष्क्रिय म्हणून कायम करावे. (२) या कामी अर्जदारास समक्ष बोलावू नये, बोलावणे अपरिहार्य असल्यास तळमजल्यावर बोलावावे. आणि (३) अर्जदाराच्या नावे चुकून नोंदले गेलेले दोनशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर, यंत्राने कमी मोजलेल्या आठ किलोमीटरांसह, अर्जदाराच्या वडिलांच्या नावे वर्ग करावेत. त्यासाठी आपल्या नमुन्यात रकाना नसल्याची अर्जदारास कल्पना आहे. तो आखून घ्यावा. पट्टी वडील घेऊन येतील.